तरंगता संसार : इंग्लंडच्या कालव्यांवरील हिवाळा



कालवा म्हटला म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें पाणी येतें. नाव येत नाहीं. २०२४ सालीं जिल्ह्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर असें झालें. पण नांव कोणतेंहि घ्या, या जिल्ह्याच्या उत्तर भागाचें नशीब कालव्यांनीं पालटलें यांत वाद नाहीं. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें व ओझरच्या बंधाऱ्यापासून तिचे कालवे दोन्ही काठांनीं निघाले. तिकडे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे कालवे कोपरगांव-राहात्याकडे आले. आणि जेथें बाजरीसुद्धां दैवाधीन होती तेथें ऊस उभा राहिला. या कालव्यांत पाणी पाळीनें येतें. पाळी संपली कीं तळाचा गाळ दिसूं लागतो व पोरें त्यांत मासे धरूं लागतात. अशा कालव्यांत संसार थाटण्याची कल्पना कोणास सुचणार?

परंतु कालव्याचा दुसराहि एक उपयोग आहे, आणि तो पाहण्यास आपल्याच गोदावरीच्या काठानें खालीं गेलें तरी पुरे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें सर आर्थर कॉटन यानें १८५२ सालीं पुऱ्या केलेल्या बंधाऱ्यापासून जे कालवे निघाले, ते शेतांस पाणी देत आणि मालाच्या नावाहि वाहून नेत. हिंदुस्थानला आगगाडीपेक्षां जलमार्ग स्वस्त पडेल असा कॉटनचा जन्मभर आग्रह होता. दख्खनच्या पठारावर मात्र तें जमण्यासारखें नव्हतें. आमचे कालवे उताराचे. त्यांतील पाणी धांवावें म्हणूनच ते खणलेले. नावेच्या कालव्यांत पाणी शक्य तों उभें असावें लागतें. ज्या देशांत अशा उभ्या पाण्याच्या कालव्यांचें जाळें पसरलें, आणि त्या पाण्यावर शंभराहून अधिक वर्षें हजारों कुटुंबांनीं हिवाळे काढले, तो देश इंग्लंड. त्या हिवाळ्यांविषयीं आज मी बोलणार आहें.

या कथेस आरंभ होतो १७६१ पासून. त्या सालीं ब्रिजवॉटरच्या ड्यूकनें वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्याकरितां कालवा सुरूं केला. तो आंखणारा जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांचीं यंत्रें दुरुस्त करणारा कारागीर. त्याचें लिहिणें-वाचणें अगदीं बेताचें. सडकेवर जो घोडा टन-दीड टन ओढी, तोच पाण्यावर पंचवीस टनांची नाव ओढूं लागला, आणि मँचेस्टरांत कोळशाचा भाव निम्म्यावर आला असें सांगतात. मग १७६६ सालीं ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणारा मोठा कालवा हातीं घेण्यांत आला. वाटेंत चढउतार होते. चढ ओलांडण्यासाठीं नावेला लॉक लागतो. लॉक म्हणजे पाण्याचा जिना : दोन्ही टोकांस दारें असलेली दगडी कोठी; नाव आंत घ्यावी, दार लावावें, पाणी भरलें कीं नाव वर चढते, सोडलें कीं खालीं उतरते. दर खेपेस वरच्या अंगाचें हजारों गॅलन पाणी खालीं जातें. म्हणून कोठी जितकी मोठी तितका पाण्याचा खर्च मोठा. शिवाय वाटेंत हेअरकासल येथें दीड मैलाहून लांब बोगदा खणावयाचा होता. (त्यास अकरा वर्षें लागलीं, आणि तो पुरा होण्यापूर्वींच १७७२ सालीं ब्रिंडली वारला.) हा सारा हिशेब करून ब्रिंडलीनें लॉक सुमारें ७२ फूट लांब व अवघे ७ फूट रुंद ठेवले. लॉकांत मावेल तीच नाव. त्यामुळें मध्य इंग्लंडची नाव ७० फूट लांब आणि ७ फुटांस थोडी कमी अशी रुंद झाली, आणि तिला नॅरोबोट, म्हणजे चिंचोळी नाव, हें नांव पडलें. पाणी वांचविण्यासाठीं एका कारागिरानें मांडलेला हिशेब पुढें माणसांच्या बिछान्याची लांबी ठरवून गेला.

आरंभीं नावाडी नावेवर संसार करीत नसे. त्याचें घर काठच्या गांवांत असे. नावेवर तो आणि एखादा मदतनीस. पण १८३० नंतर आगगाडी आली आणि कालव्यांच्या मालकांस दर उतरवावे लागले. दर उतरले तशी मजुरी उतरली. तेव्हां नावाड्यानें घरभाडें वांचविलें, मदतनिसाचा पगार वांचविला, आणि बायकामुलांस नावेवर आणलें. बायको सुकाणू धरी, थोरला मुलगा काठानें घोड्यामागें चाले, मधली मुलगी लॉकचीं दारें पाठीनें रेटी. माणसें पांच, मजुरी एक. आमच्याकडे ऊसतोडींत नवराबायकोच्या जोडीस मिळून 'एक कोयता' म्हणतात, त्याचाच हा इंग्रजी प्रकार समजावा. तोहि धंदा हिवाळ्याचाच. त्याकडे मी पुढें येणार आहें.

नावेचा बहुतेक भाग मालाचा. माणसांसाठीं मागच्या टोकास एक खोली, लांबी ८ ते १० फूट, उंची इतकी कीं उंच माणसानें मान लववावी. या खोलीची रचना मात्र पाहण्यासारखी असे. दारांतून आंत उतरतांना पाय पडावयाचा तो कोळशाच्या पेटीवर : पायरी तीच, कोठार तेंच. डाव्या हातास लोखंडी चूल, तिचें धुराडें छपरांतून वर गेलेलें. चुलीपलीकडे उभें कपाट. त्याचें दार खालीं पाडलें कीं जेवणाचें टेबल. उजव्या बाजूस बांक, तोच रात्रीं मुलांचा बिछाना. टोकास आणखी एक आडवें कपाट. त्याची फळी पाडली कीं नवराबायकोचा पलंग तयार, आणि सकाळीं गादीसकट तो पुन्हां कपाटांत. कडांना जाळी असलेल्या चिनी मातीच्या बशा रिबिनीनें भिंतीवर टांगलेल्या, हातानें विणलेल्या झालरी, घांसून लखलखीत केलेल्या पितळी मुठी. आणि कपाटाच्या दारांवर, पाण्याच्या डब्यावर, जेथें हातभर जागा सांपडेल तेथें रंगविलेले गुलाब व किल्ले. हे किल्ले इंग्लंडांतील नावाड्यांच्या चित्रकलेंत आले कोठून, यावर पंडितांचा वाद आहे. तो आपण त्यांच्याकडेच राहूं देऊं.

आज हीं चित्रें दिनदर्शिकांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर झळकतात, आणि पाहणाऱ्यास वाटतें, काय हा सुखाचा संसार! मला तसें वाटत नाहीं. ज्या बाईला अंगण नाहीं, परसूं नाहीं, शेजारीण नाहीं, आणि दिवसांतून दहा वेळां जिच्या दारांत कोळशाची धूळ उडते, तिनें नऊ फुटांच्या जागेंत पितळ घांसून घर राखलें. यांत सुखापेक्षां हट्टच अधिक असावा. अॅशबीच्या कालव्यावर मीशम नांवाचें गांव आहे. तेथील दुकानांत या लोकांसाठीं तपकिरी झिलईची मोठी किटली मिळे. तिच्या झांकणावर मुठीऐवजीं दुसरी चिमुकली किटली आणि पोटावर मागणीप्रमाणें उठविलेलीं अक्षरें. जातांना मजकूर सांगावयाचा, परतीच्या खेपेस किटली घ्यावयाची. पुष्कळ नावांवर तीं अक्षरें वाचणारें माणूस एकहि नसे, तरी किटली मात्र अभिमानानें मांडलेली असे. या गोष्टीकडेहि आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

आतां हिवाळा. आमच्याकडे पारा आठ-दहा अंशांवर आला कीं वर्तमानपत्रांत बातमी येते व चौकांत शेकोट्या पेटतात. मध्य इंग्लंडांत डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि नाव तर पहाटेच्या अंधारांतच सोडावयाची. पाण्यांत भिजलेला सुती दोर रात्रींत गोठून काठीसारखा ताठ होई. लॉकचें पाणी सोडण्याची लोखंडी किल्ली उघड्या हातानें धरली तर कातडें तिला चिकटे. दारें रेटण्याच्या तुळयांवर आणि कोठीच्या अरुंद कांठावर बर्फाचा पापुद्रा. पाय घसरला तर खालीं दहा फुटांवर काळें पाणी. घोड्यांच्या नालांना हिवाळ्यापुरते टोंकदार खिळे मारीत, तरी ते घसरतच. सुकाणू धरणारी बाई खोलीच्या दारांतच उभी राही. त्यामुळें तिचे पाय चुलीच्या उबेंत आणि कमरेवरचा भाग हिमवर्षावांत. एका हातानें सुकाणू, दुसऱ्या हातानें चुलीवरचें भांडें. लहान मूल रांगूं लागलें कीं त्याच्या कमरेस दोरी बांधून तें छपरावर धुराड्याजवळ बसवीत. तेथें ऊबहि मिळे आणि तें पाण्यांतहि पडत नसे. धुण्याचा दिवस म्हणजे काठावर टब मांडून कालव्याचेंच पाणी तापवावयाचें. कपडे वाळत घालावे कोठें, तर त्याच नऊ फुटांत. पिण्याचें पाणी काठच्या नळावरून डब्यांत भरून आणावयाचें, आणि कडाक्याच्या थंडींत तो नळच गोठलेला असे.

पण या सगळ्याहून भय होतें तें कालवाच गोठण्याचें. नदीचें पाणी वाहतें म्हणून तें सहसा गोठत नाहीं. कालव्याचें पाणी उभें, म्हणून तें लवकर गोठतें. पातळ बर्फ नाव स्वतःच फोडीत जाई. पण फुटलेल्या बर्फाच्या धारा लांकडास कापीत, म्हणून नावेच्या नाकाडास लोखंडी पत्रे मारलेले असत. बर्फ जाड झाला म्हणजे कालवा कंपनी आपली बर्फफोडी नाव काढी. ती आंखूड, पत्र्यानें मढविलेली. तिच्या मध्यावर आडवी दांडी. दांडीस धरून दहा-बारा गडी दोन्ही बाजूंस उभे. काठावरून घोड्यांची रांग तिला भरधाव ओढी, आणि गडी एका तालांत झोके देऊन ती डावी-उजवी डोलवीत, म्हणजे दोन्ही अंगांचा बर्फ फुटे. फुटलेला बर्फ रात्रींत पुन्हां जमे, आणि तोहि पहिल्याहून जाड. दोन-चार दिवस असें चाले. मग कंपनी हात टेकी आणि नावा असतील तेथें थिजून राहत.

येथें या संसाराचें खरें मर्म आहे. मजुरी खेपेवर. नाव उभी राहिली कीं मजुरी बंद. घोड्याचा चारा मात्र चालूंच. घर असलेला मजूर बेकार झाला तर त्यास शेजारी असतो, उधार देणारा दुकानदार असतो. गोठलेली नाव जेथें अडकली तेथें तिला कोणी ओळखीचें असेलच असें नाहीं. गांव दोन मैलांवर, आणि गांवकऱ्यांच्या लेखीं हे पाण्यावरचे फिरस्ते, कोंबड्या चोरणारे. १९४७ च्या हिवाळ्यांत तर एक विपरीतच घडलें. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सारा इंग्लंड बर्फाखालीं गेला. देशांत कोळशाचा दुष्काळ, कारखाने बंद, घरोघर दिवे मर्यादित. आणि इकडे कालव्यांवर कोळशानें भरलेल्या नावा बर्फांत रुतून बसलेल्या. पुढच्याच वर्षीं, १ जानेवारी १९४८ रोजीं, बहुतेक कालवे सरकारच्या मालकीचे झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनीं १९६२-६३ चा हिवाळा आला. तो इंग्लंडांत १७४० नंतरचा सर्वांत कडक. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून थंडी जी बसली ती मार्च उजाडेपर्यंत उठली नाहीं. गिऱ्हाइकांनीं कोळसा मोटारलाऱ्यांवर घातला आणि तो परत पाण्यावर आला नाहीं. बर्फ वितळतां वितळतां सरकारी मंडळानें आपला नॅरोबोटींचा बहुतेक व्यवहार गुंडाळला. कोळशाची शेवटची लांब पल्ल्याची नियमित खेप, लंडनच्या पश्चिमेस असलेल्या एका मुरंब्याच्या कारखान्याकडची, १९७० मध्यें थांबली. धंदा मरणारच होता. त्याचा मुहूर्त तेवढा हिवाळ्यानें ठरविला.

मी जन्मभर शाळामास्तर, म्हणून या इतिहासांतील एका प्रश्नाशीं माझें मन अधिक घोटाळतें : या मुलांच्या शाळेचें काय झालें?

जॉर्ज स्मिथ नांवाचा एक मनुष्य होता. १८३१ सालीं जन्मलेला. नवव्या वर्षीं वीटभट्टीवर ४० पौंडांचा मातीचा गोळा डोक्यावर वाहणारा. पुढें तो भट्टीचा व्यवस्थापक झाला, पण डोक्यावरचें ओझें विसरला नाहीं. त्याच्या खटपटीनें १८७१ सालीं वीटभट्ट्यांवरील लहान मुलांचें काम कायद्यानें आटोक्यांत आलें, आणि त्या खटपटीपायीं त्याची नोकरी गेली. मग त्यानें कालव्यांकडे पाहिलें. १८७५ सालीं त्यानें या तरंगत्या वस्तीवर पुस्तक लिहिलें. नावांवर लाखभर माणसें राहतात आणि त्यांतील बहुतेक निरक्षर आहेत, असा त्याचा दावा. त्याचे आकडे फुगलेले होते असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. कळकळ मात्र फुगलेली नव्हती. १८७७ सालीं कालव्यावरील नावांचा कायदा झाला आणि १८८४ सालीं तो कडक करण्यांत आला. प्रत्येक राहत्या नावेची नोंद व्हावी, तिच्यावर नोंदणीच्या गांवाचें नांव व क्रमांक रंगवावा, बारा वर्षांवरील प्रत्येक माणसामागें ६० घनफूट आणि त्याखालील मुलामागें ४० घनफूट मोकळी हवा असावी, आणि मुलें ज्या गांवीं नाव नोंदलेली त्या गांवच्या शाळेचीं समजावीं.

पहिल्या बाबी साधल्या. शेवटची साधली नाहीं, कारण नोंदणीच्या गांवीं नाव वर्षांतून कितीशी येणार? इन्स्पेक्टर हवा मोजूं शकत होता, हजेरी मोजूं शकत नव्हता. नाव माल उतरविण्यास थांबे तेवढा दिवस-दोन दिवस मूल जवळच्या शाळेंत जाई, मागच्या बांकावर बसे, आणि धडा कळूं लागण्याआधीं नाव सुटे. पुढच्या गांवीं पुन्हां पहिलेंच पान. बापाच्या डोक्यामागें खोलीच्या भिंतीवर मालकाचें नांव हातभर अक्षरांत रंगविलेलें, आणि घरांत तें वाचूं शकणारें कोणी नाहीं. १९२१ सालीं सरकारी समितीनें अहवाल दिला. तिचें म्हणणें असें कीं, या लोकांची प्रकृति वाईट नाहीं, स्वच्छताहि बरी आहे, पण मुलांचें शिक्षण होत नाहीं. शाळेच्या दिवसांत शाळकरी मुलांना नावेवर ठेवूं नये अशी तिची शिफारस होती. १९२९ सालीं हॅरी गॉस्लिंग यानें तशा अर्थाचें बिल पार्लमेंटांत आणलें, पण तें पसार झालें नाहीं. आयांनीं विचारलें असावें, मुलें ठेवावीं कोठें? प्रश्न रास्त होता. उत्तर एकच होतें, आणि तें खर्चाचें होतें : शाळाच पाण्यापाशीं न्यावी. लंडनजवळ वेस्ट ड्रेटन येथें १९३० सालीं एल्सडेल नांवाच्या एका जुन्या मालनावेंत नावाड्यांच्या मुलांसाठीं शाळा भरूं लागली. पुढें बर्मिंगहॅमला मुलांसाठीं वसतिगृहहि निघालें. हे उपाय योग्य होते. पण ते आले तेव्हां धंद्याचेच दिवस भरत आले होते.

श्रोते म्हणतील, परक्या देशांतील संपलेल्या गोष्टीचें मास्तरांना एवढें काय? तर ऐका. माझी बरीच नोकरी पाथर्डी तालुक्यांत झाली. तेथील कोणत्याहि मास्तरास विचारा, दिवाळीनंतर वर्ग कसा दिसतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाड्या भरतात, आईबाप कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मुलेंहि त्यांच्याबरोबर जातात. मोठी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळावयास हवी असते. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग जिल्ह्यांत व जिल्ह्याबाहेर अनेक झाले. भंडारदऱ्याच्या पाण्यानें पिकलेला ऊस तोडावयास पाण्यावांचून होरपळलेल्या पाथर्डी-शेवगांव-जामखेडचीं आणि शेजारच्या बीड जिल्ह्याचीं माणसें येतात. कारखान्याबाहेर पाचट आणि बांबूच्या कोपी उभ्या राहतात. पहाटे चारला, दंव पडत असतां, गाड्या भरावयास निघावें लागतें. तान्हें मूल फडाच्या बांधावर झोळींत. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहेंहि निघालीं. त्यांत मनापासून खपलेल्या माणसांस मी ओळखतों. पण एका मुलामागें ४० घनफूट हवा असावी असें इंग्लंडानें १८७७ सालीं ठरविलें होतें. कोपीचें घनफळ मोजण्यास फूटपट्टी घेऊन गेलेला अधिकारी माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

असो. कालव्यांकडे परत जाऊं, कारण धंदा संपला तरी नावेवरचा हिवाळा संपलेला नाहीं. एल. टी. सी. रोल्ट नांवाच्या इंजिनिअरानें आपल्या पत्नीसह 'क्रेसी' या जुन्या नॅरोबोटींत घर केलें. युद्धकाळांत, १९४१ पासून १९४६ पर्यंत, ती नाव टार्डेबिग येथें लॉकांच्या माथ्यावर बांधलेली होती. चालत्या नावेचा हिवाळा आणि थांबलेल्या नावेचा हिवाळा यांत जो फरक आहे तो रोल्टच्या घरापासून सुरूं होतो. त्याचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ सालीं निघालें, तें वाचून लोकांचें लक्ष मरूं घातलेल्या कालव्यांकडे वळलें, आणि १९४६ सालीं कालवे राखण्यासाठीं संस्था स्थापन झाली. आज इंग्लंड-वेल्समधील बहुतेक कालवे २०१२ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहेत आणि त्यांवर तीस हजारांहून अधिक नावा आहेत. ऐन कोळशाच्या भरभराटींत होत्या त्याहूनहि आजच्या अधिक, असें ती संस्था सांगते. माल मात्र जवळजवळ नाहीं. आहेत तीं घरें आणि सुट्टीचीं वाहनें.

अशा नावा बांधून ठेवण्यासाठीं कालव्याच्या कडेस तळीं खणलेलीं असतात. त्यांना मरीना म्हणतात. पाण्यावर फळ्यांचे धक्के, प्रत्येक नावेशेजारीं विजेचा व पाण्याचा खांब. उन्हाळ्यांत मरीना गजबजलेली; नोव्हेंबर लागला कीं हौशी मंडळी कुलपें लावून घरीं जातात आणि बारमाही राहणारे तेवढे उरतात. आतां नाव पोलादी असते. सारी सत्तर फूट लांबी घरालाच मिळते, रुंदी मात्र ब्रिंडलीची ती सातच फूट. स्वैंपाकघर, न्हाणीघर, झोपण्याची जागा सारें एका ओळींत. आपल्या आगगाडीच्या डब्यांत पडदे लावून संसार मांडावा तसें. पहाटे उठून पहिलें काम चुलीचें. रात्रीं कोळसा दाबून हवेचें भोंक बारीक करून ठेवलेलें असतें. सकाळीं राख झाडून नवा कोळसा घालावयाचा. चूल विझली तर पोलाद तासाभरांत बर्फासारखें होतें. श्वासाचा आणि भाताचा दमटपणा गार कांचांवर जमून ओघळतो, म्हणून सकाळचें दुसरें काम कांचा पुसण्याचें. थंडी वाजते म्हणून हवेचे झरोके बुजविण्याचा मोह होतो, आणि तो प्राणघातक आहे. बंद खोलींत शेगडी पेटवून निजलेलें माणूस सकाळीं उठत नाहीं, हें आपल्याकडील आजीबाईसहि ठाऊक असतें. तिकडे २०१९ पासून प्रत्येक राहत्या नावेवर त्या विषारी वायूची घंटा बसविणें सक्तीचें आहे.

धक्क्यावरचा नळ गोठला तर किटलीभर कढत पाणी त्यावर ओतावें. टाकी भरलेली ठेवावी. थंडीचा अंदाज पाहून आदल्या दिवशींच भरावी. संडासाचा डबा स्वतः उचलून न्यावा. बर्फावरून तो नेतांना फार जपून चालावें लागतें. छपरावरचे सूर्यपत्रे डिसेंबरांत जवळजवळ निरुपयोगी. कोळसा, डिझेल आणि गॅसचे सिलिंडर घेऊन अजूनहि एखादी जुनी नॅरोबोट दारोदार फिरते. ती वेळेवर आली नाहीं कीं धक्क्यावर कुजबूज सुरूं होते. रात्रीं पाणी गोठूं लागलें म्हणजे बर्फ पोलादावर घांसून कुरकुरतो, तडतडतो. नव्या माणसास झोंप लागत नाहीं, जुन्यास त्याशिवाय लागत नाहीं. आणि कोणाच्या धुराड्यांतून सकाळीं धूर दिसला नाहीं तर शेजारी येऊन छपरावर टकटक करतो. १९४७ च्या गोठलेल्या नावेस नेमकें हेंच नव्हतें.

जॉर्ज स्मिथ १८९५ सालीं नॉर्दम्प्टनशायरमधील क्रिक या खेड्यांत वारला. त्या गांवाजवळून कालवा जातो, आणि आतां तेथें मोठी मरीना आहे. दरवर्षीं मे महिन्यांत तेथें नव्या नॅरोबोटींचें प्रदर्शन भरतें. त्यांतील एकेका नावेची किंमत ऐकून त्या वीटभट्टीवरच्या पोरास काय वाटलें असतें कोण जाणे.

मरीनाचें भाडें सर्वांना परवडत नाहीं. पुष्कळ मरीनांत कायमचें राहण्याची परवानगीहि नसते. ज्याला स्वतःची ठरलेली जागा नाहीं त्यानें, १९९५ च्या कायद्याप्रमाणें, एका ठिकाणीं सलग १४ दिवसांहून अधिक थांबूं नये. त्यापुढें किती अंतर जावें हें कायद्यानें लिहिलेलें नाहीं, आणि सारी भांडणें तेथेंच होतात. कारण अशा नावांवर मुलें आहेत, आणि आईबाप शाळेच्या आसपासच मागेंपुढें सरकत राहतात. संस्था म्हणते, हें फिरणें नव्हे. हिवाळ्यापुरती मात्र तिनें एक सोय ठेवली आहे : पैसे भरले तर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर नाव एकाच जागीं बांधतां येते. म्हणजे तिकडच्या फिरत्या नावेवरील मुलाला सलग शाळा मिळण्याची जी शक्यता आहे ती याच चार महिन्यांत. आमच्या पाथर्डीच्या हजेरीपटांत नेमक्या याच चार महिन्यांचे रकाने रिकामे असतात.